रोज चालणारा माणूस पडतो कसा?

या महिन्यात खान्देशातून आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच होता: घरातले आबा, नाना, आप्पा आणि त्यांचं पडणं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वय ७१. रोज सकाळी शेतापर्यंत जाऊन-येऊन चार किलोमीटर चालतो. बीपीची एक गोळी सोडली तर काही त्रास नाही. तरी गेल्या चार महिन्यांत दोनदा पडलो. एकदा ठिबकच्या नळीत पाय अडकला, एकदा घरासमोरच्या ओट्यावरून उतरताना. चालणारा माणूस पडतो कसा? (चोपडा)

चालणं सोडू नका. पण चालणं म्हणजे ओळखीच्या वाटेवर एका लयीत पाय टाकणं. माणूस पडतो तो उठताना, वळताना, पायरी उतरताना, पाऊल कशात तरी गुंतल्यावर. त्यासाठी लागणारी ताकद नुसत्या चालण्याने येत नाही. ज्येष्ठांना फक्त चालण्याचा व्यायाम दिला तर पडणं कमी होतं, असं अभ्यासांतही दिसलेलं नाही.

तुमच्या नळीचंच घ्या. ठिबकची नेहमीची नळी १६ मिलिमीटरची. सपाट जमिनीवर चालताना पुढे जाणारं पाऊल जमिनीपासून जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर वर असतं. ते वर खेचून धरतो नडगीच्या पुढचा स्नायू. तो थकला की हे अंतर आणखी कमी होतं, आणि चार किलोमीटरच्या शेवटी तो थकलेलाच असतो. पाय अडकल्यावर सावरायचं तर एका पायावर सगळं वजन पेलून दुसरं पाऊल झटकन लांब टाकावं लागतं. वजन पेलण्याचं काम खुब्याच्या बाजूच्या स्नायूचं, पुढे झेपावलेलं धड रोखण्याचं काम पोटरीचं आणि मांडीचं. ओट्यावरून उतरताना तर वर राहिलेल्या पायाच्या मांडीने सगळं अंग सावकाश खाली सोडायचं असतं. मांडी कमजोर असेल तर माणूस उतरत नाही, आदळतो.

आता घरीच एक चाचणी करा. हात नसलेली साधी खुर्ची, बैठक जमिनीपासून सुमारे १७ इंच, पाठ भिंतीला टेकवलेली. हात छातीवर आडवे बांधा. घरातल्या कुणाला तरी घड्याळ लावायला सांगा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. पुरुषांसाठी ६५ ते ७४ या वयात आकडा १२ पेक्षा कमी आला, ७५ ते ७९ मध्ये ११ पेक्षा कमी, ८० ते ८४ मध्ये १० पेक्षा कमी, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही तर गुण शून्य धरतात. वाईट वाटून घेऊ नका, सुरुवात कुठून करायची ते कळलं.

चार महिन्यांत दोनदा पडणं ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोन्ही वेळचा बीपी, डोळे, तळपायांची संवेदना आणि गोळ्यांची यादी एकदा तपासून घ्या. व्यायाम त्यानंतर.

प्रश्न : सासरे ७६ वर्षांचे. पडले नाहीत, पण उठताना भिंत धरतात, वळताना डगमगतात. घरात कोणते व्यायाम, किती वेळा आणि कुठे करायचे ते नीट सांगा. (अमळनेर)

आधी जागा. घरात सगळ्यात भरवशाचा आधार म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कमरेइतका उंच, जागचा न हलणारा, हात ठेवायला रुंद. नेमकी हीच जागा बहुतेक सासऱ्यांच्या पायाखालची नसते. अर्धा तास गॅस बंद ठेवा आणि ओटा त्यांच्या हवाली करा. ते जमत नसेल तर खिडकीचे गज किंवा व्हरांड्याचं पक्कं रेलिंग. फायबरची खुर्ची आधाराला धरू नका; एका बाजूने जोर पडला की तिचे पाय फाकतात किंवा ती सरकते. पायात मोजे नकोत. कोरड्या फरशीवर अनवाणी चालेल, मात्र मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील तर मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत. लुंगी, धोतर घोट्याच्या वर खोचून घ्या. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर तासाभराने करा, उपाशीपोटी नको. एप्रिल-मे मध्ये आठच्या आत उरका.

उठ-बस हा सगळ्यांत कामाचा व्यायाम, म्हणून तो सविस्तर. खुर्ची भिंतीला लावा. बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत सरका. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्या, दोन पावलांत वीतभर अंतर. आता पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि मगच उठा. उठताना मनात दोन आकडे, बसताना चार. बहुतेकांची चूक अशी होते की पाय पुढे ठेवून, पाठ ताठ धरून ते उठू पाहतात. वजन मागेच राहतं, दोन-तीन हिसके देतात, मग धपकन परत बसतात. ती ताकदीची कमतरता नसते, पाय चुकीच्या जागी असतात. दुसरी चूक बसताना: अर्ध्यावरून अंग सोडून देणं. खरं काम तर तिथेच आहे. सावकाश बसताना मांडी जे करते तेच तिला पायरी उतरताना करायचं असतं. गुडघे एकमेकांकडे वळत असतील तर मध्ये उशी धरल्यासारखं अंतर राखा. अजिबात उठता येत नसेल तर बैठकीवर घट्ट घडी केलेली गोधडी ठेवून तीन-चार इंच उंची वाढवा, नाहीतर हात असलेली खुर्ची घेऊन हातांनी रेटा द्या. पाचपासून सुरू करा, दहावर न्या, मग मध्ये दोन मिनिटं बसून दुसरी फेरी.

ओट्याला धरून टाचा उचला, तीन आकडे थांबा, सावकाश टेका. दहा वेळा. मग उलट: टाचांवर उभं राहून चवडे वर. हे अवघड जातं आणि लोक कमरेत वाकून नितंब मागे काढतात. तसं झालं तर पाऊल वर उचलल्यासारखं दिसतं, पण नडगीचा स्नायू रिकामाच राहतो. अंग सरळ ठेवून अर्धा इंच उचललं तरी पुरे.

पाय बाजूला उचलणं खुब्यासाठी. ओट्याकडे तोंड, दोन्ही हात टेकलेले, एक पाय सरळ ठेवून वीतभर बाजूला न्या आणि परत आणा, प्रत्येकी दहा. पायाची बोटं समोरच हवीत. ती बाहेर वळली की काम मांडीच्या पुढच्या भागाकडे जातं. धड दुसऱ्या बाजूला कललं तर पाय फार उंच उचलताय, कमी करा. महिनाभराने घोट्याला वजन बांधा. विकत आणायची गरज नाही. जुन्या शर्टाची बाही घ्या, मधोमध एक शिवण मारून दोन कप्पे करा, प्रत्येकात पाव किलो कोरडी वाळू भरा आणि तोंडं शिवून टाका. टोकांना नाडी लावली की अर्ध्या किलोचं वजन तयार. दोन कप्पे का, तर एकच ठेवला की वाळू एका बाजूला गोळा होऊन घोट्याच्या हाडाला टोचते. हेच वजन बांधून खुर्चीत बसल्या-बसल्या गुडघा सरळ करा, पाच आकडे धरा, खाली सोडा. तेही दहा-दहा.

आता तोलाचं. उभं राहण्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिली, दोन्ही पावलं जुळवून. दुसरी, एक पाऊल अर्धं पुढे, त्याच्या आतल्या खोबणीला मागच्या पायाचा अंगठा टेकलेला. तिसरी, एकापुढे एक, टाचेला अंगठा लावून. चौथी, एका पायावर. प्रत्येक पायरीवर दहा सेकंद. तीन दिवस लागोपाठ न डगमगता जमलं की पुढची पायरी. ७६ व्या वर्षी तिसरी पायरी दहा सेकंद टिकत नसेल तर पडण्याचा धोका जास्त समजतात.

याच्या जोडीला हाताचा आधार कमी करत न्यायचा असतो, आणि ते फार थोडे लोक करतात. आधी दोन हात, मग एक, मग दोन बोटं, शेवटी हात ओट्यापासून चार बोटं वर अधांतरी. ओटा गच्च धरून वर्षभर एका पायावर उभं राहिलं तर तोल ओटा सांभाळतो, पाय काही शिकत नाहीत. थोडं डगमगायला हवंच. घोटा इकडे-तिकडे हलतोय म्हणजे व्यायाम चालू आहे. पण हात धरण्याच्या टप्प्यात आणि मागे खुर्ची, ही अट कायम. डोळे मिटून करायचे प्रकार घरी एकट्याने नकोत.

वळताना डगमगतात असं तुम्ही लिहिलंय, त्यासाठी वेगळा सराव. दोन खुर्च्या सहा फुटांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं चाला, दोन फेऱ्या. एका पायावर गर्रकन फिरायचं नाही, छोटी-छोटी चार-पाच पावलं टाकत वळायचं. शिवाय ओट्याच्या कडेने खेकड्यासारखं दहा पावलं उजवीकडे, दहा डावीकडे. शेवटी जमिनीवर गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो समोरून आणि बाजूने ओलांडायचा. चोपड्याच्या वाचकांनी हा टॉवेल ठिबकची नळी समजावा.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. तोलाचे रोज केले तरी चालतील. एकूण बेरीज आठवड्याला तीन तासांच्या आसपास गेली की फायदा जास्त दिसतो, म्हणजे दिवसाला पंचवीस मिनिटं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात याच धर्तीचा घरगुती कार्यक्रम बसवला गेला. तो करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटलेलं आढळलं. (ओटागो आणि आपला ओटा यांचं नातं उच्चारापुरतंच.) फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. सोडून दिलं तर कमावलेली ताकद महिन्या-दोन महिन्यांत ओसरू लागते.

व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच बसायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

प्रश्न : गुडघे झिजलेत. उठ-बस केली तर आणखी झिजतील का? (शहादा)

नाही. बैठक उंच करा, कमी वेळा करा. करताना सोसवेल इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं तर चालू ठेवा. सूज आली किंवा दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलं असेल तर संख्या निम्मी करा.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. प्रोस्टेटची गोळी चालू आहे. रात्री तीनदा लघवीला उठतात आणि उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. मोरीच्या दारात एकदा पडले. (भुसावळ)

इथे व्यायामाआधी गोळी बघा. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिन, प्राझोसिन यांच्या गटातल्या गोळ्या रक्तवाहिन्याही सैल करतात, म्हणून उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतो. त्यात बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी असेल तर भर पडते. घरात बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळीची वेळ किंवा मात्रा ते बदलतील. स्वतः बंद करू नका, लघवी तुंबली तर वेगळीच धावपळ होते.

रात्री उठण्याची रीत अशी. पडल्या-पडल्या पावलं वर-खाली वीस वेळा हलवायची; पोटऱ्या आवळल्या की पायांत साठलेलं रक्त वर येतं. मग कुशीवर होऊन बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, दोन मिनिटं. मुठी आवळून सोडायच्या. मग उभं राहून, काहीतरी धरून, वीसपर्यंत मोजायचं. त्यानंतर पहिलं पाऊल. घाई लागलेल्या माणसाला हे सांगणं सोपं, करणं अवघड, म्हणून खाटेजवळ झाकणाचं यूरिनल ठेवा. पुरुषांनी रात्रीची लघवी बसूनच करावी. उभ्याने करताना, विशेषतः गाढ झोपेतून उठून, बीपी एकदम पडून भोवळ येऊ शकते.

झोपायची खाटही पाहा. नवार सैल झालेल्या बाजेत कमर गुडघ्यांच्या खाली जाते आणि उठायला दुप्पट जोर लागतो. नवार ताणून घ्या किंवा बाजेच्या चारही पायांखाली विटा न ठेवता, ज्या सरकतात, सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून घ्या. बसल्यावर गुडघे काटकोनात आणि टाचा टेकलेल्या असल्या पाहिजेत. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची आपल्याकडे सवय; ज्याला रात्री तीनदा उठायचंय त्याने खाली अंगणात किंवा ओसरीत झोपावं. अंधारात जिना आणि त्यात जुन्या धाब्याला कठडा नसतो.

रात्री उठावं लागतं म्हणून दिवसभर पाणी तोडणारे बरेच आहेत. जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. त्यात पाणी कमी पडलं की बीपी आणखी उतरतो. दिवसा भरपूर प्या, झोपण्याआधी दोन-तीन तास हात आखडा. संध्याकाळचा चहाही सहाच्या आत.

प्रश्न : काठी किती उंचीची असावी? नाना खांद्याएवढी घेतात. (शिरपूर)

खांद्याएवढी काठी शेतात कुत्री हाकलायला आणि बांधावर टेकायला ठीक, घरात आणि रस्त्यावर नाही. नेहमीची चप्पल घालून सरळ उभं राहा, हात बाजूला मोकळे सोडा. मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यायला हवी. मग टेकल्यावर कोपर थोडं वाकतं आणि जोर देता येतो. जास्त उंच काठीवर हात फक्त लोंबकळतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टाकायची. जवळजवळ सगळे हे उलट करतात. टोकाचं रबरी बूच महिन्यातून एकदा उलटं करून बघा, गुळगुळीत झालं असेल तर बदला.

प्रश्न : वडील ऐंशीचे. व्यायामाचं नाव काढलं की 'माले काय व्हयनं?' म्हणतात. (चाळीसगाव)

व्यायामाचं नाव काढू नका. चहा देण्याआधी पाच उठ-बस, टीव्हीवर जाहिराती लागल्या की टाचा वर, दात घासताना एक हात बेसिनवर ठेवून पावलं एकापुढे एक. आणि एसटीची गोष्ट काढा. पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, पण पहिली पायरी उंच असते आणि फुकटचं तिकीट तिथे मदत करत नाही. घरातल्या चार-पाच इंचाच्या पायरीवर, कठडा धरून, एका पायाने चढ-उतार दहा वेळा, मग दुसऱ्याने. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. ते जमलं की पायरी सहा-सात इंचांची. गावाला, मुलीकडे, लग्नाला स्वतःच्या पायाने चढून जायचंय, एवढं कारण ऐंशीच्या माणसाला कळतं. सरावाच्या वेळी सल्ले देणारी माणसं मात्र एकापेक्षा जास्त नकोत.

प्रश्न : वडील अंगणात पडले तेव्हा काखेत हात घालून उचलायला गेलो आणि माझीच कंबर धरली. कसं उठवायला हवं होतं? (साक्री)

उठवायचं नसतं, उठू द्यायचं असतं. आधी एक मिनिट काहीच करू नका. बोलतात का, कुठे दुखतंय, दोन्ही पाय हलतात का ते बघा. एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, खुब्यात किंवा जांघेत जोराचं दुखतंय, तर खुबा मोडलेला असू शकतो. मान किंवा पाठ दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल, शुद्ध गेली असेल तरीही हलवू नका. १०८ ला फोन करा, अंगावर पांघरूण घाला, पाणी-चहा देऊ नका.

तसं काही नसेल तर डोक्याशी एक पक्की खुर्ची आणा आणि दुसरी मागे तयार ठेवा. त्यांना कुशीवर वळू द्या. मग कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर. रांगत खुर्चीपर्यंत, दोन्ही हात बैठकीवर. ज्या पायात जोर आहे तो पुढे घेऊन पाऊल पूर्ण टेकवायचं, हातांनी आणि त्या पायाने रेटा देत उठायचं. तुम्ही दुसरी खुर्ची मागून सरकवायची, की ते बसले. तुमचा हात त्यांच्या कमरेशी, फक्त दिशा द्यायला. गुडघे टेकताना दुखतात, म्हणून खाली घडी केलेलं घोंगडं टाका. हीच कृती पडलेले नसताना, दिवसाढवळ्या, गादीवर दोन-तीनदा करून ठेवली असेल तर वेळ आल्यावर गोंधळ होत नाही.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर ते कितीही ठीक वाटत असले तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आत सावकाश होणारा रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनी कळतो: डोकं दुखणं, उलटी, सारखी झोप, बोलण्यात गोंधळ. गोळी चालू नसली तरी यातलं काही दिसलं तर लगेच निघा, आणि कधी, कसे, कोणत्या बाजूवर पडले ते चिठ्ठीवर लिहून गोळ्यांच्या पाकिटांसकट सोबत ठेवा.